अक्कलकाऱ्याची फुलं

राणीसावरगावच्या बाजारगल्लीत शिवकांतअप्पांचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. घर आणि न्हाणीच्या मधे जी जरा मोकळी जागा उरली होती, तिथं त्यांची बायको महेश्वरी झाडं लावायची. तेलाचे रिकामे डबे, तळ गेलेल्या बादल्या, एक फुटका रांजण, जे मिळेल त्यात माती भरायची. शेवंती होती, सदाफुली होती, गवती चहा होता. लेक राजेश्री लातूरला दिलेली. घरात दोघंच.

अक्कलकारा आला तो परभणीच्या रब्बी मेळाव्यातून. अप्पा हरभऱ्याचं बियाणं बघायला गेले होते, महेश्वरी सोबत गेली होती. एका नर्सरीवाल्याच्या टेबलावर तिला ते झाड दिसलं आणि ती तिथंच उभी राहिली. पानं काळपट हिरवी, आणि वर पिवळ्या बोंडासारखी फुलं. फुलाला पाकळी एकही नाही. प्रत्येक बोंडाच्या मधोमध तांबडा ठिपका, थेट डोळ्यासारखा.

"दातदुखीचं झाड, मावशी," नर्सरीवाला म्हणाला. "फूल चावलं की तोंड बधिर होतं."

"दात चांगले हायत माझे," महेश्वरी म्हणाली. "मला दिसायलाच पायजे."

अप्पा वाटभर चिडवत राहिले. "पाकळी न्हाई, वास न्हाई. ह्याला फूल कोण म्हणंल?" पण घरी आल्यावर त्यांनीच एक बोंड खुडून तोंडात टाकलं. आधी झिणझिण्या, मग तोंडभर लाळ, मग जीभ असल्याचा पत्ताच नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. अप्पा "शाखर किती देऊ" म्हणाले आणि आत महेश्वरी पदर तोंडाला लावून हसत खाली बसली. कितीतरी दिवसांत ती एवढं हसली नव्हती.

झाडाला ऊन सोसेना म्हणून तिनं वर हिरवी जाळी बांधली. पाणी सकाळ-संध्याकाळ. शेंडे खुडले की फुटवे येतात हे तिच्या ध्यानात आलं आणि झाड डब्याबाहेर पसरलं. गल्लीतल्या बाया मुद्दाम 'डोळ्याचं झाड' बघायला यायच्या.

दिवाळी झाली आणि फुलं कमी व्हायला लागली. सकाळी मोजकीच उमललेली दिसायची आणि दुपारपर्यंत नुसते देठ. महेश्वरीनं कीड बघितली, उंदीर बघितले. मग तिला शेजारच्या मालनबाईची शेळी न्हाणीच्या भिंतीवर पुढचे पाय टेकून उभी दिसली, आणि तिचा संशय फिटला.

"शेळी बांधून ठेवता येत न्हाई व्हय तुमाला?" ती भिंतीवरून ओरडली.

"माझी शेळी तिकडं कशाला येतीय?" मालनबाई धुणं टाकून उठली. "तिला चारा हाय घरी."

"मग फुलं काय वाऱ्यानं खाल्ली?"

शब्दानं शब्द वाढला. दोघींचा वीस वर्षांचा शेजार. बाळंतपणात एकमेकींच्या लेकरांना न्हाऊ घातलेलं. त्या दिवशी मालनबाईनं शेळी आखूड दोरीनं खुंट्याला बांधली आणि महेश्वरीशी बोलणं टाकलं. अप्पा दुकानात होते. मागच्या दारातून सगळं ऐकू येत होतं. महेश्वरी तणतणत आत आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जाऊ दे. मुकं जनावर हाय."

शेळी बांधली तरी फुलं जातच राहिली.

त्याच दिवसांत अप्पांनी ठेचा सोडला. मग लोणचं. भाकरी दुधात चुरून खायला लागले. "दाढ हलायलीय," म्हणायचे. महेश्वरी दवाखान्यात चला म्हणाली की दुकानाचं निमित्त सांगायचे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती हळदीकुंकवाला निघाली. अर्ध्या वाटेत ध्यानात आलं, वाण घरीच राहिलं. ती परत फिरली, मागच्या दारानं आत आली. अप्पा न्हाणीपाशी उकिडवे बसले होते. मुठीत पिवळी बोंडं. ते एकेक गालात सारत होते, लाळ हनुवटीवरून गळत होती आणि डोळे घट्ट मिटलेले होते. दुखणं ओसरायची वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा तिनं ओळखला.

"काय करायलात?"

अप्पांनी दचकून मूठ मागं घेतली.

"आ करा."

"काई न्हाई गं, दाढ..."

"आ करा म्हणते ना!"

तोंड पुरतं उघडलंच नाही. दोन बोटं जेमतेम जातील एवढं. तिनं त्यांना धरून उजेडाकडं वळवलं. उजव्या गालाच्या आत मोठी जखम होती, कडा पांढऱ्या, मधे लाल. जखमेचा वास आला. हा वास तिनं या घरात पूर्वी एकदा घेतला होता, थोरले दीर बसवंतराव गेले तेव्हा. त्यांनाही अप्पांसारखीच तंबाखूची सवय होती.

ती मटकन खाली बसली. "कधीपास्नं?"

"दिवाळीच्या जरा आधी." अप्पांनी तोंड धोतराच्या सोग्याला पुसलं. जीभ जड झाली होती, शब्द नीट येत नव्हते. "दादाचं सगळं म्या केलंय. बघितल्याबरोबर मला कळलं."

"आन मला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं आसतं तर त्याच दिवशी घराचा दवाखाना झाला आसता. राजी येणार व्हती, नातू येणार व्हता. म्हणलं दिवाळी व्हऊ दे. मग म्हणलं संक्रांत व्हऊ दे." त्यांनी मुठीतली बोंडं दाखवली. "ह्या फुलानं जरा वेळ दुखायचं थांबतं. तेवढ्यात मी जेवून घेतो."

"मी मालनबाईला न्हाई न्हाई ते बोलले. तुमी आत बसून ऐकत व्हता!"

"ऐकायलो व्हतो," अप्पा म्हणाले आणि मान खाली घातली.

महेश्वरी उठली आणि झाडाचा बुंधा दोन्ही हातांनी धरून उपटायला लागली. एक फांदी तुटून हातात आली. अप्पांनी तिचं मनगट धरलं. "उपटू नको. नांदेडला दवाखान्यात जाईपर्यंत तरी मला लागंल."

तिनं हातातली फांदी टाकली. संध्याकाळी, जेवायच्या आधी, तिनं स्वतः चार बोंडं खुडून आणली आणि त्यांच्या गालात ठेवली. ते जेवून उठेपर्यंत ती समोर बसून राहिली.

नांदेडच्या डॉक्टरांनी जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. दुखणं जबड्याच्या हाडात उतरलं होतं, मानेत गाठ आली होती. "दोन-तीन महिने आधी आणलं असतंत..." डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य सोडून देऊन कागदावर लिहायला लागले. महेश्वरीनं नवऱ्याकडं बघितलं. अप्पा भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. तोंड आतून सोलून निघाल्यासारखं झालं. डॉक्टरांनी झाडपाला बंद करायला सांगितला, आणि आता फूल लावलं तर आगच झाली असती. झाडावर बोंडं तशीच राहिली, सुकली, त्यांचं बी खाली सांडलं.

नाकातून नळी घातल्यावर अप्पांना फक्त पातळ चालायचं. एका सकाळी मालनबाई मागच्या दारात येऊन उभी राहिली. हातात शेळीच्या दुधाचा गडवा.

महेश्वरीनं तिचे पाय धरायला वाकू बघितलं. "मालनबाई, माझं चुकलं. ह्यांनीच..."

"कळलं मला समदं." मालनबाईनं तिला वर उचललं. "शेळीला काय कळतंय तू काय बोललीस ते? दूध तापव आधी. नासंल."

तिनं अखेरपर्यंत रोज दूध आणलं.

अप्पा भादव्यात गेले. शेवटचे काही आठवडे बोलता येत नव्हतं, ते बोटानं तिच्या तळहातावर अक्षरं काढायचे. तिला बरीचशी लागायची नाहीत. एकदा त्यांनी तेच शब्द पुन्हा पुन्हा काढले आणि ती "हो, हो, कळलं" म्हणाली. कळलं काहीच नव्हतं.

लिंगायत रीतीनं विधी करायला स्वामी आले. अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं, अंगाला विभूती लावली, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. बसल्या बसल्याच त्यांना शेताच्या कडेला, थोरल्या भावाशेजारी मातीत ठेवलं. राजेश्री लातूरला चल म्हणाली. महेश्वरी गेली नाही. महिन्यानं तिनं दुकानाचं दार उघडलं. गुटखा आणि तंबाखूच्या माळा काढून उकिरड्यात टाकल्या. काही गिऱ्हाइकं तुटली.

न्हाणीपाशी सांडलेलं बी उगवलं होतं. धुण्याच्या दगडाभोवती, भिंतीच्या फटीत, सगळीकडं रोपं. तिनं ना उपटली, ना पाणी घातलं. न्हाणीचंच पाणी मिळत गेलं आणि झाडं वाढली. दाढ दुखली की लोक फुलं मागायला यायचे. ती नाही म्हणायची नाही, पण आधी तोंड उघडायला लावायची. बाया हसायच्या आणि आ करायच्या.

एक दिवस टेम्पो चालवणारा परमेश्वर आला. तिशीतला माणूस, ओठ गुटख्यानं रंगलेले. "काकू, ती बधिर करायची फुलं द्या चार."

"आ कर."

"दाढ हाय वो, काकू."

"आ कर म्हणते."

तो लाजला, मग चिडला. "डॉक्टर हाव का तुमी? नसतील द्यायची तर राहू द्या." आणि निघून गेला.

महेश्वरीनं तराजूतला गूळ तसाच ठेवला. दाराला कडी घातली आणि त्याच्या मागोमाग चालत त्याच्या घरी गेली. परमेश्वर अंगणात पोचलाच होता. त्याची बायको सुकेशनी भांडी घासत होती.

"बाई," महेश्वरी तिला म्हणाली, "ह्याच्या तोंडात बघ. मी बघितलं न्हाई माझ्या मालकाच्या. तू बघ."

परमेश्वर ओरडायला लागला. सुकेशनी राखेचे हात तसेच घेऊन उठली, नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हलली नाही. सारी गल्ली बघत होती. शेवटी त्यानं तोंड उघडलं.

पुढच्या आठवड्यात सुकेशनी दुकानात आली. तिनं त्याला दवाखान्यात नेलं होतं. गालात पांढरा चट्टा निघाला. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या, गुटखा कायमचा बंद, महिन्यानं पुन्हा दाखवायचं. "एवढंच म्हणले, काकू," सुकेशनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"बरं झालं गं," महेश्वरी म्हणाली. तिनं सुकेशनीला डाळ मोजून दिली, पिशवीचं तोंड बांधून दिलं, पोरांसाठी वर मूठभर शेंगदाणे घातले. सुकेशनी वळणापलीकडं जाईपर्यंत ती हसऱ्या तोंडानं बघत राहिली.

मग ती आतल्या खोलीत गेली आणि पोत्यांच्या थप्पीला कपाळ टेकून रडली. अप्पा गेले तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. "एवढंच व्हतं," ती पोत्यांना सांगत होती, "एवढंच व्हतं वो." बाहेर एका गिऱ्हाइकानं दोनदा हाक मारली, जरा वेळ वाट बघितली आणि ते दुसऱ्या दुकानाकडं गेलं.