त्रिपुरीच्या संध्याकाळची ओवी

सुलक्षणाने खिडकीचा पडदा एका बाजूला ओढून त्याला गाठ मारली, खिडकीत ठेवलेल्या परातीत थोडं पाणी ओतलं आणि त्या पाण्यात मधोमध पणती ठेवली. पलंगावरून यशोदाबाई बघत होत्या. सुनेने काडी ओढेपर्यंत त्यांचा डावा हात खिडकीकडे रोखलेला होता. वात पेटली तसा तो हळूच चादरीवर आला.

त्रिपुरी पौर्णिमेची संध्याकाळ होती. शिरपूरच्या त्या कॉलनीत घरोघरच्या कंपाउंडवर मेणबत्त्या लागल्या होत्या. सुलक्षणानेही लावल्या होत्या, पण बाहेरच. श्रावणात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जिला जागचं उठता येत नाही तिच्या खोलीत उघडी ज्योत नको, असं तिने नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, आणि योगेंद्रलाही ते पटलं होतं. खिडकीवर त्याने विजेची माळ सोडली होती. यशोदाबाईंनी दुपारपासून त्या माळेकडून तोंड फिरवलं होतं. जेवायला तोंड उघडेनात. शेवटी सुलक्षणालाच राहवलं नाही.

योगेंद्र नदीवर दिवे सोडायला गेला होता. पणती नीट जळतेय हे दोनदा पाहून सुलक्षणा मागच्या स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळायला बसली.

थोड्या वेळाने तिला गाणं ऐकू आलं.

आधी तिला वाटलं, देवळातला भोंगा असेल. पण भोंग्याला पेटीची साथ असते, टाळ असतात. हा आवाज एकटाच होता. बारीक, थरथरणारा, मध्येच चिरकणारा, आणि तरी सुरात पक्का. जात्यावरच्या ओवीची चाल होती.

‘दिवा लावू दारी वं माय, उजेड पडू दे घरमा...’

सुलक्षणाचे हात कणकेतच राहिले. आवाज कुणाचा ते तिला कळलं होतं, पण कळून विश्वास बसत नव्हता. इतके दिवस या बाई पाणी हवं तर नुसतं ‘अं’ म्हणत आल्या होत्या. लेकाला हाक मारायला जायच्या तर ओठ हलायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. आणि आता शब्दच्या शब्द येत होते, एकामागून एक, धुऊन काढल्यासारखे स्वच्छ. उठावं, धावत जावं असं वाटत होतं, पण आपल्या पावलांच्या आवाजाने ते तुटेल अशी भीती वाटली. श्वाससुद्धा तिने बेताने घेतला. देवघरापुढे बसावं तशी ती कणकेपुढे बसून राहिली.

‘जये वं जये, जये वं जये...’

सासूबाई देवीचा जयजयकार करताहेत असं तिला वाटलं. सणच तसा होता. तिने मनोमन हातही जोडले. गाणं थांबत नव्हतं. चाल तीच होती, पण सूर वर चढत चालला होता.

‘सुलू वं, जये...’

कुठल्या जुन्या ओवीत आपलं नाव असणार? सुलक्षणाचं माहेर जळगाव शहरातलं. सासरची अहिराणी तिच्या कानाला सवयीची झाली होती, तरी एखादा शब्द अजून उशिरा पोचायचा. डोळ्याला डोया म्हणतात ही माणसं, काळ्याला काया.

जये म्हणजे जळे. काहीतरी जळत होतं.

ती धावली. पडद्याची गाठ सुटली होती. खालचा काठ पेटून ज्योत वर चढत होती आणि जळके तुकडे पलंगाच्या कडेवर गळत होते. यशोदाबाई निरोगी हाताने कठडा धरून भिंतीकडे सरकल्या होत्या, डोळे विस्फारलेले, आणि गातच होत्या. सुलक्षणाने पलंग खेचून बाजूला केला, पायथ्याची गोधडी घेऊन पडदा तिच्यात गुंडाळला आणि हिसडून खाली ओढला. न्हाणीतली भरली बादली आणून वर ओतली. धूर उठला, चरचर झालं, आणि विझलं.

तेव्हाच, ओळ अर्धी टाकून, गाणं थांबलं.

“आई,” सुलक्षणा धापा टाकत म्हणाली. “आई, बोला ना काहीतरी.”

यशोदाबाईंचे ओठ हलले.

“अं,” त्या म्हणाल्या.

सुलक्षणा तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

योगेंद्रने आल्यावर सगळं ऐकून घेतलं. जळका पडदा पाहिला, बायकोचा भाजलेला अंगठा पाहिला. मग आईशेजारी बसून त्याने परोपरीने विचारलं, ती नुसती बघत राहिली. त्याने धुळ्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, होतं असं, बोलणं जातं आणि पाठ असलेली गाणी मागे राहतात, मेंदूत त्यांची जागा वेगळी असते. पण गाण्यात नवे शब्द घातले, सुनेचं नाव घेतलं, हे सांगितल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, सोमवारी घेऊन या, मला ऐकायचंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलक्षणा चहाचा कप घेऊन पलंगाशी आली. योगेंद्र न्हाणीत होता. तिने मागे वळून एकदा पाहिलं, खाकरली, आणि लाजत, बेसूर, पण त्याच चालीवर म्हणाली,

“च्या आणला वं माय, साखर टाकू का?”

यशोदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या गळ्यात काहीतरी हललं, आणि तो बारीक सूर पुन्हा उमटला.

“टाक वं सुलू टाक... डाक्टरले नको सांगू.”

न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला.