मार्गारीन मळायचा वाडगा

होय, मीच बोलतोय, फळीवरचा पिवळा वाडगा. ओहायोच्या भट्टीत भाजलो आणि आयोवात, नदीकाठच्या गावी अर्लीनच्या घरी आलो. आधी माझ्यात केकचं पीठ फेटलं जाई. मग लढाई लागली. तिचा नवरा वर्नन नौदलात गेला. साखर, लोणी, मांस सगळं कुपनांवर आलं. मांसाच्या वडीत मांस थोडं नि ओट जास्त, तोंडी लावायला परसातला बरणीत भरलेला घेवडा.

लोण्याच्या जागी आलं मार्गारीन, म्हणजे तेलापासून केलेलं नकली लोणी. दुकानात ते चरबीसारखं पांढरंफटक मिळे, सोबत रंगाची पुडी. दोन्ही माझ्यात घालून अर्लीन हातांनी मळायची, पिवळं होईतो. तिची छोटी लेक डोना हात पुढे करायची. "नको गं, सांडशील!" अर्लीन वाडगा दूर सारायची. वाया घालवायला होतं काय?

डोना मात्र जेवायचीच नाही. घास तोंडात धरून बसायची.

अर्लीनची सासू हुल्डा नदीपलीकडे, विस्कॉन्सिनात गायी पाळायची. तो सगळा दूधदुभत्याचा मुलूख, तिकडे मार्गारीनचं नावही कुणाला खपत नसे. तिने फोनवर बजावलं, "रविवारी येते. पोर वाळलेली दिसली, तर लढाई संपेपर्यंत माझ्याकडे नेणार."

अर्लीनने ठरवलं, सासूपुढे मार्गारीनच लोणी म्हणून ठेवायचं. लेक गेली तर या घरात राहायचं कुणासाठी?

रविवारी कडाक्याची थंडी. मार्गारीन दगड झालेलं, आणि घाईत तिने तसंच मळलं. रंग मिसळलाच नाही, पांढऱ्यावर नारिंगी ठिपके तसेच राहिले. सासू टेबलाशी बसली, पावाचा तुकडा हातात घेतला आणि माझ्यात डोकावली.

"हे काय गं? तुझ्या लोण्याला गोवर आलाय का?"

अर्लीनच्या डोळ्यांत पाणी. "आई, ते लोणी नाहीये. तुम्ही तिला न्याल म्हणून मी..."

"म्हणून मला फसवत होतीस? तेही असं गबाळं?" हुल्डाने बाह्या वर सारल्या. "अगं, आधी चुलीजवळ ठेवून मऊ करावं. हिवाळ्यात गायींना हिरवं मिळत नाही, तेव्हा आमचं लोणीही असंच फिकट पडतं. आम्हीही रंग घालतो."

"तुम्ही?"

"आणि हळू बोल. आमची सगळी साय डेअरीत जाते. पडदे ओढून मीही हेच खाते. पलीकडे कुणाला सांगशील तर बघ!"

अर्लीनला रडता रडता हसू फुटलं.

मला चुलीजवळ ठेवलं. जरा वेळाने हुल्डाने मला उचलून थेट जमिनीवर ठेवलं आणि डोनाचे दोन्ही हात माझ्यात घातले. पोरगी कोपरापर्यंत पिवळी झाली. मग बोटं चाटली. मग पाव मागितला, आणि पुन्हा मागितला.

सासूने नातीचा दंड चाचपला. "हाड बारीक आहे, एवढंच. वर्ननही असाच काटकुळा होता. आईजवळच राहू दे हिला."

आता रंगवलेलं मार्गारीन तयार मिळतं. माझ्या काठाचा टवका उडालाय, माझ्यात शेंगा सोलतात. मी मजेत आहे. पण तुमच्या घरी एखादं लेकरू जेवत नसेल, तर माझं ऐका, वाडगा खाली ठेवा. त्याला हात घालू द्या. थोडं सांडेल. सांडू दे.