होलेवाल्यांचा नवा गट

मोठ्या कंपनीने आमच्या होलेवाल्यांचा, म्हणजे गाण्याच्या स्पर्धेसाठी होला पक्षी पाळणाऱ्यांचा, फोनवरचा गट पुन्हा बंद केला. कारण तेच, ‘प्राण्यांची विक्री’. निवृत्त झाल्यापासून बाबांचा जीव त्या गटात. कुणाचा होला कसा गायला यावर दिवसभर वाद घालायचे. आता नुसते पिंजऱ्यासमोर बसून राहायचे. मला बघवेना.

मी शाळेत संगणक शिकवते. घरच्याच यंत्रावर आमचा स्वतःचा गट उभा केला. वर कोणी मालक नाही, बंद करणारं कोणी नाही. सगळ्या सोलो शहरातले होलेवाले म्हणाले, “हो हो, झकास!” आमच्याकडे ‘हो’ म्हणजे ‘ऐकलं’, हे मला जन्मापासून माहीत, तरी फसलेच. आले फक्त बाबा.

असं का, हे कोडं काही सुटेना. शेवटी बाबांचे जुने होलेवाले मित्र पाक सुकिर्नो, म्हणजे सुकिर्नोकाका, यांच्या ओसरीवर जाऊन धडकले.

“अगं वेनिंग, माझा फोन जुना आहे,” ते म्हणाले.

“काल त्याच फोनवर नातवाशी गाड्या पळवत होतात!” आतून त्यांच्या पत्नी बू मार्सिह ओरडल्या.

पाक सुकिर्नो हसले. मग हळूच म्हणाले, “तिथे कुणी वेडंवाकडं लिहिलं तर काढणार कोण?”

“मी.”

“तुझ्या बाबांनी लिहिलं तर?”

“त्यांचंही काढेन.”

“मग ते तुझ्याशी बोलतील? आणि नाही काढलंस, तर मी बोलेन? पोरी, कंपनीने काढलं की आम्ही सगळे मिळून कंपनीच्या नावाने खडे फोडतो आणि एकत्र चहा पितो. तुझ्या नावाने खडे फोडून तुझ्या लग्नात जेवायला कसं बसायचं?”

मला हसू आलं. म्हातारा उगाच घाबरतोय, असं वाटलं.

घरी आले तर बाबा खुशीत. “बघ काय लिहिलंय. इथे कोणी काढत नाही ना?”

मी वाचलं. ‘सुकिर्नोचा होला कधीच जिंकला नाही. जिंकलं ते परीक्षकाला दिलेलं पाकीट.’

गट उघडा होता, कोणीही वाचलं असतं. “बाबा, पुसून टाका.”

“का? खोटं आहे?”

“तुमचे मित्र आहेत ते.”

“मित्र असता तर गटात आला असता! मी नाही पुसणार. मालकीण तू आहेस, पूस हिंमत असेल तर.”

मी पुसलं.

जेवायला बसलो तेव्हा समोरची चटणीची वाटी माझ्या हाताशी होती. बाबा आईकडे बघत म्हणाले, “कंपनीला सांग, सांबाल इकडे दे.”

आई खळखळून हसली. मी वाटी सरकवली. मला फार लागलं ते. बाबांनी वाटी घेतली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.