काडीचा संपर्क

त्या बिनवायरच्या थर्मामीटरला घरात सगळे 'काडी' म्हणत. सगळे म्हणजे सध्या दोघंच, ती आणि तिचे सासरे. तिसरा, तिचा नवरा, जहाजावर इंजिनरूममध्ये मेकॅनिक होता, आणि मागच्या अंगणातली धुराची भट्टी खरं तर त्याची. सुट्टीवर आला की तो लाकडं पेटवून बसायचा, आणि मांस शिजलं की नाही ते नुसतं बोटाने दाबून सांगायचा. हळूहळू ओळखीपाळखीतून ऑर्डरी यायला लागल्या आणि तो बोटीवर गेला की भट्टी तिच्या गळ्यात पडली.

तिला बोटाने काही कळायचं नाही. ती घडीघडी झाकण उघडून बघायची आणि भट्टी गार करून ठेवायची. म्हणून या वेळी निघण्याआधी त्याने ही काडी आणली, एका डबीत दोन. मांसात खुपसायची, झाकण लावायचं आणि लांब जाऊन बसायचं. काडी आतलं तापमान बाहेरच्या डबीला कळवते, डबी फोनला.

"आता माझी गरज नाही तुला," तो हसत म्हणाला होता. तिला ते हसणं तेव्हाही आवडलं नव्हतं.

सुरुवातीला काडी गुणी निघाली. मग रुसायला लागली. मांस अर्धंमुर्धं शिजलं, की फोनवर 'संपर्क तुटला' अशी पाटी. पुन्हा झाकण उघडा, पुन्हा डोकवा, डोळ्यांत धूर. मागच्या आठवड्यात एक कोंबडी आतून कच्ची राहिली आणि गिऱ्हाईकाने ती डब्यासकट परत पाठवली. तिने मुकाट्याने ऐकून घेतलं, पण मनाला लागलं.

या शनिवारी बसडेपोचा मॅनेजर रिटायर होणार होता. संध्याकाळच्या जेवणाला बोकडाच्या दोन अख्ख्या मांड्या हव्या होत्या. तिने सकाळीच भट्टी पेटवली, काड्या खुपसल्या आणि दुपारी जे व्हायचं तेच झालं. आकडे गायब.

तिने कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस शांत होता.

"मॅडम, काडीचं मागचं टोक ओल्या फडक्याने पुसलं होतं का? तिथे चरबी चिकटली की चार्जिंग होत नाही."

"पुसलं होतं. रात्रभर डबीत चार्जिंगला पण होती."

"खुणेच्या रेघेपर्यंत आत गेलीय ना? डबी कुठे ठेवलीय?"

"रेघेपर्यंत आहे. डबी भट्टीच्या शेजारच्या स्टुलावर. भट्टी लोखंडी आहे म्हणून लांब ठेवतच नाही मी."

"तुम्ही तर सगळंच करून बसलात," तो म्हणाला. "मग एकच राहिलं. ही डबी आधी दुसऱ्या कुठल्या फोनला जोडली होती का? ती एका वेळी एकाच फोनशी बोलते. पहिला फोन जवळ आला तर ती त्याच्याकडे जाते."

"नाही हो, माझाच..." म्हणता म्हणता ती थांबली. आणल्या दिवशी नवऱ्याने ती आधी स्वतःच्या जुन्या फोनवर लावून बघितली होती. पण नवा फोन घेतल्यावर तो जुना कपाटात टाकून तो गेला होता. बॅटरी कधीच संपली असणार. तिने कपाट उघडलं. खण उपसला. फोन नव्हता, चार्जरही नव्हता.

सासरे तेव्हा बाहेर गेले होते. बस चालवत होते तेव्हाची त्यांची सवय, जेवण झालं की पाय मोकळे करायचे. ते गेले आणि थोड्याच वेळात तिच्या फोनवर आकडे परत आले. दोन्ही मांड्या छान चढत होत्या. ती फोनकडे बघत अंगणातच उभी राहिली. मग फाटक करकरलं, सासरे आत आले, बाकावर टेकले, आणि पाटी आली, 'संपर्क तुटला'.

"बाबा, तुम्ही आलात की काडी रुसते," ती म्हणाली.

एरवी त्यांनी यावर काहीतरी ठेवून दिलं असतं. आज नुसते हसल्यासारखे झाले आणि त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. तेवढ्यात त्या खिशातून तिच्या नवऱ्याचा आवाज आला.

"बाबा, गोळी घ्या. पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. बाबा, गोळी घ्या."

तिच्या हातातला चिमटा खाली पडला. तो अंगणात उभा राहून बोलावा इतका जवळचा आवाज होता. आठवड्यातून एकदा बोटीवरून यायचा तो आवाज तुटक, पाण्याखालून आल्यासारखा असायचा. हा तसा नव्हता. यात त्याची सर्दीसुद्धा होती. जायच्या आधी त्याला सर्दी झाली होती, तिने वाफ दिली होती.

सासऱ्यांनी घाईघाईने फोन काढून आवाज बंद केला. तोच जुना फोन, कोपरा उडालेला.

"त्याने जाताना लावून दिला," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मी विसरतो ना, म्हणून."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? म्हातारा चळला म्हणाली असतीस."

"गोळीचा अलार्म लावला म्हणून कोणी चळतं का?"

"गोळी संध्याकाळची एकच आहे, पोरी. अलार्म मी दिवसातून तीनदा करून घेतलाय. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने करून दिला. सकाळचा पुलावर ऐकतो. तिथे कोणी नसतं."

तिने चिमटा उचलला, पदराने पुसला, पुन्हा ठेवला. मग त्यांच्या शेजारी बाकावर बसली. "परत लावा ना एकदा."

"माझ्याने नाही लागत. त्याचा तो वाजतो तेव्हाच."

तिने हात पुढे केला. त्यांनी फोन दिला, पण पटकन नाही. ती ब्लूटूथची खूण शोधायला लागली तसे ते पुढे वाकले.

"आवाज जाणार नाही ना?"

"नाही जाणार. नुसतं डबीशी बोलणं बंद करते."

तिने खूण बंद केली, ते काडीचं अ‍ॅपही काढून टाकलं आणि फोन त्यांच्या हातात ठेवला. मनात आलं असतं तर त्या अलार्मची एक प्रत स्वतःच्या फोनवर घेता आली असती. तिने घेतली नाही. ते त्यांचं होतं.

भट्टीशेजारी तिच्या फोनवर आकडे परत उजळले. संध्याकाळी मांड्या गेल्या, हाड अलगद सुटत होतं म्हणे. मॅनेजरने स्वतः फोन करून सांगितलं.

रविवारी बोटीवरून फोन आला. आवाज नेहमीसारखा खरखरत होता.

"काडी चालते का?"

"चालते आता."

"काय झालं होतं?"

सासरे दारात उभे होते. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "काही नाही. चार्जिंग."

मग तो म्हणाला की माल उतरवायला दुसऱ्या बंदरात जावं लागतंय, यायला अजून महिना जास्त जाईल. "चालेल ना?" त्याने विचारलं. ती चालेल म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती. फोन ठेवल्यावर सासऱ्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, पण जेवताना दोघांनीही पानात भाजी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिने चहा केला आणि दोन कप घेऊन सासऱ्यांच्या खोलीत गेली. एरवी या वेळी ते दार लोटून घेत. तिने दार ढकललं. ते खाटेवर बसले होते, फोन उशीजवळ होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग सरकून जागा केली.

दोघं चहा न पिता बसली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग तो बोलायला लागला, पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको, आणि सासऱ्यांचा हात सवयीने फोनकडे गेला.

"असू द्या," ती म्हणाली. "आपोआप थांबेपर्यंत बोलू द्या त्याला."