बाबांची दोन बोटं

ताईची जीप गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली, मी खड्ड्यात उतरलो आणि बॅटरी वर मारली. गाड्यांची पोटं मी रोज बघतो, पण असलं पोट कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या टोकापासून मागपर्यंत नुसते ओरखडे.

ताई नर्स. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला एकटी जाते. विचारलं की म्हणणार, "बरा आहे रे रस्ता." तिचा तो बरा रस्ता मी आता डोळ्यांनी बघत होतो. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला अंगठा मावेल एवढा पोचा होता. ते फुटलं असतं तर तेल सांडून इंजिन जाम, आणि ही बाई त्या दगडांत एकटी.

जाड पत्र्याची प्लेट कापली, वाकवली, खालून बोल्टांनी आवळली. आमच्या गॅरेजचा नियम एकच: प्लेट आणि चेंबरमध्ये दोन बोटं जागा. दगड लागला की प्लेट आत दबणार, तिला दबायला जागा हवी. मी बोटं घालून बघितली आणि बाबांना हाक मारली.

बाबा गुडघे धरत खाली उतरले. त्यांची बोटं आत जाईनात.

"काढ."

"बाबा, दोन बोटं आहेत! हे बघा."

"तुझी आहेत. माझी हवीत."

चाळीस वर्षं नट-बोल्टांवर पाने फिरवून सांधे सुजलेली ती बोटं. त्यांची दोन म्हणजे माझी तीन.

"मग सरळ फूटपट्टी ठेवा ना!" मी भडकलो. "आणि प्लेट इतकी खाली आली तर दगडाला लागेल."

"लागू दे. लागायलाच बसवतोय."

वरून ताई हसली. "काढ रे. बाबांपुढे तुझं कधी चाललंय?"

धुसफुसत मी सगळे बोल्ट सोडले आणि प्लेट खाली यावी म्हणून मध्ये जाड बुश घालून पुन्हा आवळले.

तीन आठवड्यांनी ताई आली. "उतारावर जीप दगडावर आपटली रे. मागे बाळंतीण आणि दोन तासांचं बाळ. आवाजाने बाळ जागं झालं."

"मग?"

"मग काय, रडलं. आलो की आम्ही."

मी खड्ड्यात उतरलो. प्लेट मधोमध वाटीसारखी आत गेली होती. बोट घालून बघितलं, जाईना. नख घातलं, ते जेमतेम गेलं. त्याच्या वर चेंबर, नवा ओरखडासुद्धा नाही. माझी बोटं धरली असती तर?

"किती राहिलंय रे?" बाबांनी वरून विचारलं.

"नखाएवढं."

"पुरे की मग."

मी वर आलो, फळीचा तुकडा घेतला, त्यावर बाबांची दोन बोटं ठेवली आणि दोन्हीकडून पेन्सिलीने आखून घेतली.

"हे काय नवीन?"

"फूटपट्टी," मी म्हणालो.