बारा सेकंदांचा वळसा

मी एक जुनी लूपर पेटी आहे. दोन बटणं, वायर खुपसायची तीन छिद्रं, एक लाल दिवा. चार स्क्रूंपैकी तीन शिल्लक. पायाने बटण दाबलं की मी ऐकते, पुन्हा दाबलं की ऐकलेल्या तुकड्याचा वळसा गोल गोल वाजवत राहते.

मित्रांनो, सहा वर्षं मी मेक्सिको शहरात एका गिटारवाल्याकडे होते. त्याने नवी पेटी घेतली आणि मी खणात गेले. तिथून मला ओतिलियाने वास्तेकाच्या डोंगरात, तिच्या गावी आणलं. ती व्हायोलिन वाजवते. तिच्या दोन साथीदारांपैकी एक वारला, दुसरा कामासाठी मोंतेर्रेला गेला. त्या दोघांची जागा मी भरायची होती. गावच्या जत्रेत जमलं नाही, तर गावचे पंच शहरातून स्पीकरवाला आणणार होते. मग ओतिलियाला कोण विचारणार?

इथे नाच लाकडी फळीवर, म्हणजे फळ्यांच्या बुटक्या मंचावर होतो. तार वाजली की जोड्या टाचा आपटतात. कडवं सुरू झालं की मात्र पाय नुसते घासत चालतात. शब्दांवर पाय देऊ नये, अशी रीत आहे. माणसं पायांनीही ऐकतात, हे मला नवीनच होतं.

जत्रेच्या दुपारी ओतिलियाने फळीलगत माइकसमोर उभं राहून तारा बोटांनी छेडल्या आणि मला दाबलं. मी सगळं ऐकलं, टाचासुद्धा. मग ती गाऊ लागली. नाचणाऱ्यांचे पाय हळू झाले. माझ्यातले धाडधाड चालूच!

"पोरी, तुझ्या डबीला काही वळण?" म्हातारा एर्मिलो ओरडला. "कडव्यावर नाचते!"

"तुमच्याच टाचा आहेत त्या, काका."

"माझ्या? इतक्या बेताल?"

"तुमच्याच," त्याची बायको बाल्बिना म्हणाली. "चाळीस वर्षं ऐकतेय मी."

लोक हसले, पण नऊपैकी आठ जोड्या खाली उतरल्या. एका पंचाने फोन काढला.

"ठेव रे तो!" फळीवरून एर्मिलो म्हणाला. "पोरी, पुन्हा छेड. आणि चढा रे सगळे! ती छेडतेय तोवर कडवं चाललंय असं समजा."

"शब्द नसताना?" खाली उतरलेल्या एकाने विचारलं.

"शब्द नसताना."

माझा लाल दिवा लागला. मी टाचांची वाट पाहिली. फक्त तार ऐकू आली.

मित्रांनो, काय ठेवावं आणि काय गाळावं, हे मला कळत नाही. मला दाबण्याआधी तुम्हीच भोवती कान द्या. आणि अधूनमधून माझी छिद्रं पुसा. धुळीने मी खरखरते.

त्या दुपारी वळसा बारा सेकंदांचा होता. तो एकवीस वेळा फिरला. फळीवर अकरा जोड्या होत्या.