क्रमांक ११७३, सुस्थितीत

मित्रांनो, कानांवरचे हात खाली घ्या. मी इतक्यात ओरडणार नाही. मी एक जुना भोंगा आहे. मला वीज लागत नाही. थोडं तेल लागतं आणि माणसाचा हात लागतो. बाजूचा दांडा फिरवला की माझ्या पोटातलं चाक गरगरतं आणि माझा आवाज दोन कोस जातो.

मी ओतीव लोखंडाचा. माझ्या अंगावर ११७३ हा आकडा ओतलेला आहे. त्यातल्या तीनला एक चीर आहे, साच्यातून निघतानाच पडलेली. हा आकडा आणि ही चीर तेवढी लक्षात ठेवा.

धरणाच्या खाली, नदीकाठी, एका चौथऱ्यावर मला चार बोल्टांनी बसवलं होतं. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी मी ओरडायचं आणि पात्रातल्या माणसांनी वर यायचं, एवढंच माझं काम. बावीस वर्षं ते केलं. माणसं धुणं तसंच टाकून, गुरं हाकत वर येत आणि वर आल्यावर मलाच शिव्या देत, "मेल्याने कान फाडले!" मला ती शाबासकी वाटायची. शिवी द्यायला माणूस जिवंत असावा लागतो.

माझ्या पहारेकऱ्याला सगळे मामा म्हणत. दर सोमवारी ते मला तेल घालत आणि दांडा अर्धा फेरा फिरवून बघत. त्यांना लिहिता येत नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर नातीने त्यांना शिकवायला घेतलं, पण हात काही वळेना. तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, भोंग्यावर कागद ठेवा आणि वरून पेन्सिल घासा बघू." मामांनी घासली. कागदावर ११७३ उमटला, तीनच्या चिरेसकट. मामांच्या हातून उमटलेला तो पहिला आकडा. महिनाभर तो कागद त्यांनी खिशात बाळगला आणि दिसेल त्याला दाखवला. त्यानंतर हळूहळू अक्षरंही जमू लागली.

पुढे पाणी मंडळावर नवे साहेब आले. आता विजेचा भोंगा बसणार, असं सांगून त्यांनी मला काढायला लावलं. मला भंगाराच्या यादीत घातलं आणि यादीखाली झोकात सही केली. विजेचा भोंगा काही आला नाही. मामांनी कचेरीच्या पेटीत स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात तीन अर्ज टाकले. "भोंगा नाही. माणसं मरतील." उत्तर आलं नाही.

भंगारवाल्याने मला फोडायला घण उचलला, पण मी काही फुटलो नाही. "लोखंड आहे का माझा सासरा? हलायचं नाव नाही!" असं म्हणून त्याने नाद सोडला. वाऱ्याने फाटक मिटू नये म्हणून मला फाटकाशी टेकवून ठेवलं. ज्याच्या आवाजाने गाव उठायचं, त्याच्यावर कुत्री तंगडी वर करू लागली. तेही मी सोसलं असतं.

पण एका दुपारी धरणाचे दरवाजे उघडले. शाळा सुटल्यावर एक मास्तरीणबाई रोजच्यासारख्या पात्रातल्या दगडांवरून पलीकडे निघाल्या होत्या. मामा काठाने थाळी बडवत पळाले. पाण्याच्या लोंढ्यापुढे थाळी किती ऐकू जाणार? मास्तरीणबाई सापडल्या त्या तिसऱ्या दिवशी.

मंडळाने चौकशी केली आणि अहवाल लिहिला: भोंगा सुस्थितीत होता, पहारेकऱ्याने वाजवला नाही. मामांची नोकरी गेली. रिकामा चौथरा गावाने पाहिला होता, पण मंडळाच्या शिक्क्यापुढे कोणी तोंड उघडलं नाही; उलट मामांचंच नाव झोपाळूबुवा पडलं. नातीला शाळेत कोणी शेजारी बसू देईना.

त्या मास्तरीणबाईंची थोरली बहीण संसदेत विरोधी बाकावर बसायची. तिला सगळे ताई म्हणत. ती तावातावाने मामांच्या दारात आली. पुढे मामांनी हा प्रसंग मला इतक्यांदा सांगितला की मी तिथेच उभा होतो असं वाटतं.

"तुम्ही झोपलात आणि माझी बहीण गेली!"

"झोपलो असतो तर बरं होतं हो, बाई," मामा म्हणाले. "मी जागा होतो. चौथरा रिकामा होता."

"आणि पुरावा?"

"पुरावा भंगारात गेलाय."

ताई उंबऱ्यावरच खाली बसली. मग म्हणाली, "शोधा, मामा. काय वाट्टेल ते करा, पण शोधा."

मामा आठ महिने भंगाराची दुकानं पालथी घालत फिरले. शेवटी माझ्या फाटकाशी आले. माझ्यावरचा गंज त्यांनी अंगठ्याने खरवडला, तीनवरची चीर चाचपली आणि माझ्या गळ्यात पडून रडले. भंगारवाला म्हणाला, "मामा, रडायचं तर रडा, पण फाटकाला दुसरा टेकू आणून द्या." माणूस मात्र चांगला. साहेबांच्या सहीची ती यादीही त्याने कपाटातून काढून दिली.

मामांना मला तसाच वर्तमानपत्राच्या कचेरीत न्यायचं होतं. ताई म्हणाली, "नको. आज दाखवला तर म्हणतील, हा भोंगा दुसराच. आधी त्यांच्याच तोंडून वदवून घेऊ. मला त्यांची माफी नको, मामा. त्यांचं खोटं त्यांच्याच घशात घालायचंय."

मित्रांनो, तुम्हाला शिकवतात की क्षमा मोठी असते. असेल. मी लोखंड आहे. मला ताईचं बोलणं पटलं.

मला ताईच्या बैठकीत ठेवलं, वर टेबलक्लॉथ घातला आणि चहाचा ट्रे ठेवला. अधिवेशन जवळ आलं की तिथे तालीम चाले. मामा मंत्री व्हायचे.

"माहिती गोळा करण्यात येत आहे," मामा घसा खाकरून म्हणायचे.

"कधीपासून?"

"सन्माननीय सदस्यांच्या बारशापासून!"

दोघं हसायची, आणि मग ताईचं हसू मध्येच विझायचं.

पहिल्या अधिवेशनात ताईने एवढंच विचारलं: त्या दिवशी भोंगा जागेवर होता का? मंत्र्यांनी मंडळाचं लेखी उत्तर वाचलं: होता, दरमहा तपासणी होते. ताई गुपचूप खाली बसली. मागच्या बाकावरचे हसले. दुसऱ्या अधिवेशनात तिने भोंग्याचा क्रमांक आणि शेवटच्या तपासणीची तारीख मागितली. मंडळातल्या कारकुनाने जुन्या वहीतला आकडा आणि मागच्या महिन्याचीच ओळ उतरवून दिली: "क्रमांक ११७३. पाच तारखेस तपासला. सुस्थितीत." दरमहा तो हेच लिहीत आला होता. डोकं वर करून चौथऱ्याकडे बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. त्या पाच तारखेला माझ्या डोक्यावर चार कप आणि बिस्किटांची बशी होती.

तिसऱ्या अधिवेशनात ताई मला हातगाडीवर घालून संसदेच्या फाटकाशी घेऊन आली. सोबत मामा. पण सभापतींचा निरोप आला: सभागृहात वस्तू आणता येणार नाही. सदस्याच्या सहीचा कागद मात्र पटलावर ठेवता येईल.

ताईचा चेहरा उतरला. "दीड वर्ष वाट बघितली, आणि आता फाटकात अडलो."

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. मग एकदम म्हणाले, "ताई, कागद द्या. आणि पेन्सिल."

त्यांनी कागद माझ्यावर ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासली. पहिल्यांदा घासली होती तशीच, जीभ दातांत धरून. ११७३ उमटला, चिरेसकट. ताईने खाली सही केली आणि धावत आत गेली.

आवारात ड्रायव्हर लोकांना कामकाज ऐकू यावं म्हणून एक कर्णा लावलेला होता. आम्ही तो ऐकत उभे राहिलो.

"मंत्रिमहोदय आपल्या दोन्ही उत्तरांवर ठाम आहेत का?"

"पूर्णपणे ठाम आहे. सन्माननीय सदस्यांचं दुःख आम्ही समजू शकतो, पण दुःख म्हणजे पुरावा नव्हे."

"बरोबर बोललात," ताई म्हणाली. "म्हणून पुरावा पटलावर ठेवते. ही भंगाराची यादी, सही मंडळाच्या साहेबांची. यात भोंगा क्रमांक ११७३ आहे. आणि हा त्याच भोंग्याचा पेन्सिलने घेतलेला ठसा, आज सकाळचा. भोंगा बाहेर फाटकाशी उभा आहे. पाच तारखेला तुम्ही काय तपासलंत? माझ्या घरचा चहा?"

आवारातले ड्रायव्हर टाळ्या पिटू लागले. कर्ण्यातून नुसता गलका येत होता. मग मंत्र्यांचा आवाज आला, पार बसलेला: "मला... मंडळाने जी माहिती दिली..."

ते ऐकताच मंडळाचे साहेब अधिकाऱ्यांच्या सज्जातून उठले आणि मागच्या दाराने आपल्या गाडीकडे निघाले. वाटेत हातगाडी उभी होती.

"मामा, अहो, आपली जुनी ओळख..." साहेब हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

"जुनीच, साहेब. दरमहा तपासता ना याला?" मामांनी दांड्याकडे बोट दाखवलं. "या महिन्याचं राहिलंय. फिरवा."

ड्रायव्हर भोवती गोळा झाले. साहेबांनी दांडा धरला आणि डावीकडे फिरवला. मित्रांनो, मी डावीकडे फिरत नाही. दांडा नुसता सैल गरागरा फिरला. साहेबांनी अजून जोर लावला. कपाळावर घाम आला, पण आवाज काही निघाला नाही.

"साहेबांना दांडाच माहीत नाही!" एक ड्रायव्हर ओरडला, आणि सगळे हसले.

मामा हसले नाहीत. त्यांनी साहेबांना हाताने बाजूला केलं आणि दांडा उजवीकडे फिरवला.

मी ओरडलो. त्या दुपारी जे ओरडायचं राहिलं होतं, ते सगळं ओरडलो. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. साहेब दोन्ही कान दाबून खाली बसले, आणि मला ते बघून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मामा थांबले नाहीत, आणि त्यांनी थांबावं असं मलाही वाटत नव्हतं. कर्ण्यावरून येणारा आतला गलका शांत झाला. नंतर कळलं की ताई बोलता बोलता थांबली आणि डोळे मिटून उभी राहिली. ज्या बहिणीला हा आवाज ऐकू जायला हवा होता, ती तेवढी तिथे नव्हती.

साहेबांची नोकरी गेली. मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर मागे घ्यावं लागलं. मामांवरचा ठपका पुसला गेला. आता मी पुन्हा माझ्या चौथऱ्यावर आहे, चार नव्या बोल्टांवर. सोमवारी मामा तेल घालतात, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला ताई स्वतः येते.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणी कारकून, कोणी साहेब, कोणी मंत्री. हाताने फिरवून पाहिल्याशिवाय कशाच्याही पुढे "सुस्थितीत" लिहू नका. नाहीतर माझ्यासारखा एखादा कुठल्यातरी फाटकाशी गंजत तुमची वाट बघत असेल.

आणि नदीकाठी आलात तर माझा चौथरा रिकामा नाही ना, तेवढं बघून जा. दांडा उजवीकडे फिरतो.